जमिनीखालून वाहणारा देश

स्लोव्हेनियाचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. हिरवंनिळं तळं, त्याच्या मधोमध झाडीनं झाकलेलं चिमुकलं बेट, बेटावर चर्चचा उंच मनोरा आणि मागे आल्प्सच्या रांगा. हे ब्लेडचं तळं. कॅलेंडरांवर, पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत, मोबाइलच्या पडद्यांवर ते इतकं फिरलंय की तिथं पहिल्यांदा पोचलेला माणूसही आपण इथं आधी येऊन गेलोय अशाच समजुतीत वावरतो.

तळं देखणं आहे, यात वाद नाही. कड्यावरच्या किल्ल्याचा उल्लेख १०११ सालच्या कागदात सापडतो. बेटावर जायला ‘प्लेतना’ नावाच्या छत असलेल्या लाकडी नावा आहेत. नावाडी उभ्यानं दोन वल्ही मारतो. बेटाच्या धक्क्यापासून चर्चपर्यंत ९९ पायऱ्या. लग्न झालेल्या नवऱ्यानं नवरीला उचलून त्या सगळ्या चढायच्या, अशी तिथली रीत. हे सारं पाहून माणसं क्रीमचा चौकोनी केक खातात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बसनं परत जातात. त्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. या तळ्यात नैसर्गिकरीत्या येणारं पाणी फार थोडं आहे. विसाव्या शतकात शैवाल माजून तळं नासायला लागलं, तेव्हा १९६४पासून जवळच्या राडोव्ना नदीचं थंड पाणी त्यात सोडायला सुरुवात झाली. पुढे १९८०च्या सुमाराला तळाशी नळ घालून तिथलं कुजकं पाणी बाहेर ओढून काढायची सोय केली. फोटोत दिसणारा तो स्वच्छ निळा रंग माणसांनी जपून राखलेला आहे. मला ब्लेडबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या गोष्टीसाठी.

पण स्लोव्हेनिया मला खऱ्या अर्थानं कळला तो तिथून बराच दक्षिणेला, जिथं जमिनीवर पाणी टिकतच नाही अशा मुलखात. सुमारे २०,२७० चौरस किलोमीटरचा हा देश, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा. लोकसंख्या जेमतेम २१ लाख. १९९१ साली युगोस्लाव्हियातून तो स्वतंत्र झाला. निम्म्याहून जास्त भूभाग जंगलाखाली, समुद्रकिनारा फक्त ४६-४७ किलोमीटर. आणि चाळीस टक्क्यांहून अधिक जमीन चुनखडीच्या खडकाची. हा शेवटचा आकडा हाती आला की बाकीचा देश उलगडायला लागतो.

चुनखडीचं आणि पाण्याचं नातं साधं आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी हळूहळू विरघळवतं. आधी केसासारखी भेग, मग बोटभर भोक, मग बोगदा, मग सभागृह. हजारो-लाखो वर्षं हे चालू राहिलं की वरची नदी एके दिवशी खाली उतरते आणि जमीन कोरडी पडते. इटलीतल्या ट्रिएस्ट शहराच्या पाठीमागच्या क्रास नावाच्या पठारावर हे सगळं इतकं ठसठशीत दिसतं की जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी अशा भूप्रदेशाला ‘कार्स्ट’ हे नाव या पठारावरूनच दिलं. देशात नोंद झालेल्या गुहा १४ हजारांहून अधिक आहेत.

बसाल्टच्या देशात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. आपल्या सह्याद्रीत पाणी कड्यावरून कोसळतं, ओढ्यात धावतं, डोळ्यांदेखत वाहून जातं. तरीही मला एक जुनी ओळख उपयोगी पडली. त्र्यंबकेश्वरला लहानपणी ऐकलेली कथा: ब्रह्मगिरीवर गंगा प्रकट होते आणि गुप्त होते, पुन्हा दुसरीकडे प्रकट होते, पुन्हा गुप्त होते, आणि शेवटी गौतम ऋषी कुशाच्या काडीनं तिला अडवतात, ते कुशावर्त. आपल्याकडे जे एका डोंगराच्या कथेत सामावलंय, ते तिथं अख्ख्या मुलखाचं रोजचं वास्तव आहे. फक्त तिथल्या गौतमांना पाणी अडवता आलेलं नाही.

अडवायचा प्रयत्न मात्र झाला. त्सेर्क्निकाच्या तळ्यावर.

त्सेर्क्निकाचं तळं भरतं तेव्हा ते स्लोव्हेनियातलं सगळ्यात मोठं तळं असतं, २५ चौरस किलोमीटरहून मोठं. आटतं तेव्हा तिथं कुरण असतं, त्यातून वळणं घेत जाणारा एक ओढा आणि गवत कापणारे ट्रॅक्टर. शरद ऋतूचा पाऊस लागला किंवा वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळलं की दोन-तीन दिवसांत कुरणाचं तळं होतं. पाणी नुसतं वरून येत नाही, जमिनीतल्या भोकांतून उसळून वर येतं. कोरडा हंगाम लागला की तेच पाणी पुन्हा भोकांतून खाली जातं आणि तीन-चार आठवड्यांत तळं नाहीसं होतं. काही भोकं तर दोन्ही कामं करतात: पावसाळ्यात झरा, उन्हाळ्यात मोरी. दोन गुहांना तिथले लोक ढोलवाले म्हणतात. पाणी भरायला लागलं की आत कोंडलेली हवा आणि पाणी यांचा घुमणारा आवाज गावापर्यंत ऐकू येतो, आणि गावाला कळतं की तळं येतंय.

दोलेन्ये येझेरो या काठावरच्या गावात या तळ्याची एक चालती प्रतिकृती आहे. मोठ्या टेबलावर अख्खं खोरं मांडलंय: डोंगर, गावं, चर्च, ओढा, भोकं. दाखवणारा माणूस कळ दाबतो, पावसाचा आवाज सुरू होतो आणि एकेका भोकातून पाणी वर यायला लागतं. आधी ओढा फुगतो, मग कुरणाच्या सखल भागात चकाकी दिसते, मग रस्ता बुडतो, मग एका टेकाडाचं बेट होतं. त्यानंतर बाजूचा काप दिसतो, जमिनीखालच्या नळ्या, टाक्या, वळणं. पाणी एका नळीत चढतं, वरच्या वाकणापर्यंत पोचतं आणि एकदम पलीकडे ओतायला लागतं. मी तिथं सगळ्या माणसांच्या मागे उभा होतो आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा एकदा बघायची परवानगी मागितली. बाहेर खरं तळं होतं, पण ते कसं येतं हे त्या टेबलाशिवाय मला कधीच कळलं नसतं.

यानेझ वाइकार्ड वाल्वासोर या सरदारानं सतराव्या शतकात हेच कोडं सोडवायचा ध्यास घेतला होता. भोकांत उतरून, वाटा शोधून, आराखडे काढून त्यानं तळ्याचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं आणि १६८७ साली सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. १६८९मध्ये आपल्या मुलखाचं सचित्र वर्णन करणारा भलामोठा ग्रंथ त्यानं छापला. त्या छपाईपायी वाडा, पुस्तकं, जमीन सगळं विकावं लागलं आणि १६९३ साली तो कफल्लक अवस्थेत वारला. एकाच जागेवर वर्षभरात मासे धरता येतात, शिकार करता येते आणि गवतही कापता येतं, ही त्याच्यामुळेच युरोपभर गाजलेली गोष्ट. आज स्लोव्हेनियात फिरताना पावलोपावली त्याचं नाव भेटतं, आणि दर वेळी मला वाटतं, या माणसाच्या वाट्याला शेवटची चार वर्षं तरी बरी यायला हवी होती.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस या तळ्याला कायमचं भरलेलं ठेवायचं घाटलं. पर्यटन वाढेल, मासेमारी वाढेल, असा हिशेब होता. पाणी शोषणाऱ्या कार्लोवित्सा गुहेच्या तोंडाशी काँक्रीटची भिंत घातली. तळं थोडं उशिरा आटलं, इतकंच. जमिनीला इतकी भोकं होती की माणूस किती बुजवणार? अजूनही तळं आटायला लागलं की कोळी डबक्यांत अडकलेले मासे टोपल्या भरभरून उचलतात आणि वाहत्या पाण्यात नेऊन सोडतात.

या तळ्यातून खाली गेलेलं पाणी कुठं जातं, ही पुढची गोष्ट. ल्युब्लियाना या राजधानीतून वाहणाऱ्या नदीला सात नावांची नदी म्हणतात, कारण ती वाटेत पुन्हा पुन्हा बुडते आणि वर आली की दर वेळी वेगळ्या नावानं वाहते. तर्बुहोवित्सा, ओबर्ह, स्तर्झेन, राक, पिव्का, उनित्सा आणि शेवटी ल्युब्लियानित्सा. स्तर्झेन हा त्सेर्क्निकाच्या तळ्यातला ओढा. तो बुडाला की काही अंतरावर राक नावानं वर येतो. राकच्या दरीत गुहेचं छत कोसळून दोन दगडी पूल उरलेत, एक लहान आणि एक मोठा. लहान पुलाखाली उभं राहून वर पाहिलं की एकेकाळी ही उघडी दरी म्हणजे बंद गुहा होती, हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. मग राकही बुडते, आणि प्लानिना गुहेच्या काळोखात तिची पिव्काशी भेट होते. जमिनीखाली दोन नद्यांचा संगम! आपल्याकडे प्रयागला तिसरी नदी गुप्त आहे असं मानतात. इथं दोन्ही गुप्त आहेत आणि दोन्ही मोजलेल्या आहेत. संगमाचं पाणी उनित्सा होऊन प्लानिनाच्या कुरणात येतं, पुन्हा मुरतं आणि वर्हनिका गावाजवळ अनेक झऱ्यांतून ल्युब्लियानित्सा होऊन बाहेर पडतं.

पिव्कानं कोरलेली पोस्तोयनाची गुहा मात्र जगप्रसिद्ध आहे. २४ किलोमीटरहून लांब. १८१८ साली लुका चेच या स्थानिक दिवे लावणाऱ्या माणसाला आतला मोठा भाग सापडला आणि पुढच्याच वर्षी ती लोकांसाठी उघडली. १८७२मध्ये आत रूळ टाकले. तेव्हा वाटाडे पर्यटकांना बसवून डबे ढकलत नेत. १८८४मध्ये विजेचे दिवे आले. आज आगगाडी वेगानं आत नेते, झुंबरं लटकवलेल्या दालनांतून, आणि डोकं खाली घ्यायची सूचना होते ती उगीच नसते. आतलं तापमान बारा महिने १० अंशांच्या आसपास. छतावरून थेंब पडतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि चुन्याचा कण मागे ठेवतो. शंभर वर्षांत जेमतेम सेंटिमीटरभर वाढ होते. पाच मीटर उंचीचा तो पांढराशुभ्र ‘ब्रिलियंट’ स्तंभ बघताना मी मनाशी हिशेब करायला गेलो आणि अर्ध्यातच सोडून दिला.

पण मला जास्त वेळ थांबवून ठेवलं ते प्रवेशद्वाराजवळच्या काळ्या भिंतींनी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं या गुहेत विमानाच्या इंधनाचा साठा केला होता. १९४४च्या एप्रिलमध्ये पार्टिझानांनी, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या स्थानिक छापामारांनी, तो पेटवून दिला. आग कित्येक दिवस धुमसली. ती काजळी भिंतींवर अजून आहे. आत एक ‘रशियन पूल’ आहे, तो पहिल्या महायुद्धातल्या रशियन कैद्यांकडून बांधून घेतलेला. लखलखत्या स्तंभांच्या वाटेवरच हे दोन्ही लागतं.

आणि तो प्राणी. इथले लोक त्याला माणूस-मासा म्हणतात, कारण त्याची कातडी माणसाच्या कातडीसारखी फिकट गुलाबी असते. बेडकासारख्याच उभयचर असलेल्या सॅलॅमँडरचा हा गुहावासी भाऊबंद. वीतभर लांब, डोळे कातडीखाली झाकलेले, मानेशी लाल पिसांसारखे कल्ले, पुढच्या पायांना तीन बोटं, मागच्यांना दोन. आयुष्य शंभर वर्षांपर्यंत जाऊ शकतं आणि अन्नावाचून तो वर्षानुवर्षं राहतो. मोठा पाऊस झाला की पुराबरोबर हे जीव कधीकधी झऱ्यांच्या तोंडाशी वाहून यायचे, आणि लोक म्हणायचे, खाली ड्रॅगन राहतो, ही त्याची पिल्लं. वाल्वासोरनं ही समजूतही नोंदवून ठेवलीय. २०१६ साली गुहेतल्या काचेच्या पेटीत एका मादीनं ६० हून अधिक अंडी घातली आणि त्यांतून वीसएक पिल्लं बाहेर आली. देशभर ती बातमी झाली. रात्रंदिवस कॅमेरे लावून, उजेड पडू न देता, एकेक अंडं सांभाळलं गेलं. डोळे झाकलेल्या, आवाज नसलेल्या एका जिवाच्या बाळंतपणासाठी सगळा देश श्वास रोखून बसला होता, हे वाचलं तेव्हा या लोकांविषयी मला आपुलकी वाटायला लागली.

पोस्तोयनापेक्षाही श्कोत्स्यानच्या गुहा माझ्या मनात खोल रुतल्या आहेत. १९८६पासून त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. इथं आगगाडी नाही, रंगीत दिवे नाहीत, आत फोटो काढायला मनाई. रेका नावाची चांगली मोठी नदी श्कोत्स्यान गावाच्या खालच्या कड्यात शिरते. गाव तिच्या अक्षरशः डोक्यावर आहे. आधी कोरड्या, निवांत गुहेतून चालावं लागतं. मग कानावर एक घरघर येते. आधी वाटतं, हवेचा झोत असेल. पन्नासएक पावलांनंतर ती छातीत जाणवायला लागते. आणि एका वळणावर भिंती सरकतात, समोर अंधारात एक अवाढव्य दरी उघडते, वर छत, खाली नदी. छोट्या दिव्यांची एक ओळ पलीकडच्या कड्यावर दूरवर जाताना दिसते, तेवढ्यावरून अंतराचा अंदाज करायचा. दरीवरचा पूल नदीच्या पात्रापासून ४५ मीटर उंच आहे. पुलावर उभं राहून मी कठडा दोन्ही हातांनी धरला. थंड, ओलसर धुकं खालून चेहऱ्यावर येत होतं.

तिथून कड्याकडे नीट पाहिलं की दगडात कोरलेल्या पायऱ्या दिसतात, जेमतेम पाऊल मावेल एवढ्या. कुठं लोखंडी खुंट्या ठोकलेल्या. १८८४पासून ट्रिएस्टच्या काही गिर्यारोहकांनी श्कोत्स्यानच्या गावकऱ्यांना हाताशी धरून या दरीचा शोध घेतला. मेणबत्त्या, कंदील, लाकडी होड्या आणि एकामागून एक धबधबे. १८९०पर्यंत ते नदीच्या अखेरच्या डोहापर्यंत पोचले. पुराचं पाणी कुठपर्यंत चढतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून वाटा उंच कोरल्या. मोठ्या पुरांत इथं पाणी शंभर मीटरहूनही वर चढलेलं आहे. त्या पायऱ्या कोरणाऱ्या बहुतेक गावकऱ्यांची नावं बाहेरच्या जगाला माहीत नाहीत. जगातल्या कुठल्याही कॅथेड्रलच्या कळसाइतकंच मला ते काम थोर वाटतं.

रेका तिथून गडप होते आणि तीस-चाळीस किलोमीटर जमिनीखालून जाऊन इटलीच्या हद्दीत, समुद्राच्या अगदी जवळ, तिमावो या नावानं वर येते. रोमन कवी व्हर्जिलनंसुद्धा आपल्या महाकाव्यात तिचा उल्लेख केलाय. ही तीच नदी, हे सिद्ध करायला लोकांनी पाण्यात रसायनं मिसळली, खुणा केलेले ईल मासे सोडले. ट्रिएस्ट शहर एकोणिसाव्या शतकात तहानलेलं होतं. पायाखालून नदी जाते, पण कुठून? १८४१ साली लिंडनर नावाच्या माणसानं ट्रेबिचानो गावाजवळच्या एका विवरात खाणकामगार उतरवले आणि ३०० मीटरहून जास्त खोलीवर त्यांना काळोखात वाहणारं पाणी सापडलं. ते विवर पुढे कित्येक दशकं जगातलं सगळ्यात खोल ज्ञात विवर होतं. पाणी मात्र इतकं खोल होतं की शहराला त्याचा उपयोग झाला नाही.

वर तहान आणि खाली नदी, हे क्रासचं जुनं दुःख. घराघरांत छपराचं पाणी साठवायच्या दगडी विहिरी, कोरीव कठड्यांच्या. बोरा वाऱ्याला तोंड देत उभ्या कोरड्या दगडी भिंती. लाल माती, तिच्यातली काळसर लाल वाइन. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७, सोचा नदीच्या काठी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. त्यातला एक मोठा भाग क्रासच्या याच दगडावर लढला गेला. खंदक खणायला माती नाही, तोफगोळा फुटला की दगडाच्या कपच्या गोळ्यांसारख्या उडत, आणि प्यायचं पाणी खेचरांवरून वर आणावं लागे. २०२२च्या जुलैत क्रासवर देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा वणवा पेटला, तेव्हा त्या लढाईतले न फुटलेले गोळे आगीच्या झळीनं फुटायला लागले आणि अग्निशामक दलाला मागं सरावं लागलं. शंभर वर्षांपूर्वीची लढाई अजून जमिनीत होती.

जमिनीत आणखीही काही आहे, आणि ते टाळून या देशावर लिहिणं मला जमणार नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४५च्या उन्हाळ्यात, शरण आलेल्या, पार्टिझानांच्या विरोधात लढलेल्या हजारो सैनिकांना खटला न चालवता मारून कोचेव्स्की रोगच्या जंगलातल्या विवरांत टाकण्यात आलं. चार दशकांहून अधिक काळ त्याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. ८ जुलै १९९० रोजी, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, त्याच जंगलात राष्ट्राध्यक्ष मिलान कुचान आणि आर्चबिशप अलोय्झी शुश्तार एकत्र उभे राहिले आणि मृतांसाठी प्रार्थना झाली. ते घाव पूर्ण भरले असं तिथं कुणी म्हणत नाही. पण विवराचं झाकण उघडलं, हे महत्त्वाचं.

उत्तरेचा डोंगराळ भाग मी इथं थोडक्यात आवरतो, कारण त्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. २,८६४ मीटरचा त्रिग्लाव राष्ट्रध्वजावर आहे. प्रत्येकानं जन्मात एकदा तो चढावा असं तिथं मानतात. सोचाचा पाचूसारखा रंग फोटोत पाहून खोटा वाटतो. तो खरा आहे. बोहिन्यच्या तळ्याला पाणी देणारा साविका धबधबा मात्र माझ्या विषयातला. ७८ मीटरांचा हा धबधबा कड्याच्या माथ्यावरून पडत नाही. खडकाच्या पोटातून निघतो. वरच्या तळ्यांच्या दरीत मुरलेलं पाणी इथं भोक शोधून बाहेर उडी घेतं. आल्प्समध्येही पाण्याची खोड तीच.

आणि ल्युब्लियाना. १८९५च्या भूकंपानं शहराचं मोठं नुकसान केलं. पुढे योझे प्लेच्निक या वास्तुकारानं दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत नदीच्या काठानं शहराला नवं रूप दिलं. जुन्या दगडी पुलाच्या दोन्ही बाजूंना पादचाऱ्यांसाठी दोन पूल जोडून तिहेरी पूल केला. काठाला रुंद पायऱ्या केल्या, विलोची झाडं लावली, खांबांची मंडई उभारली, पाण्याच्या दरवाजांना देवळासारखे खांब दिले. २०२१मध्ये त्याचं हे काम युनेस्कोच्या यादीत गेलं. मला त्याच्यातली एक गोष्ट आवडते. शहरातल्या माणसाला पाण्यापर्यंत खाली उतरता यावं, याचा त्यानं जागोजाग विचार केलाय. सहा वेळा नाव बदलून, काळोखातून एवढी लांबची वाट चालून आलेली नदी आहे ती. तिच्याशेजारी बसायला जागा हवीच.

बुडालेलं पाणी परत येतं, आणि त्यात जे टाकलं तेही परत येतं. आग्नेय स्लोव्हेनियात सेमिचजवळच्या एका कारखान्यानं दोन दशकं पीसीबी या विषारी रसायनाचा कचरा आसपासच्या खळग्यांत टाकला. खळगा म्हणजे निरुपयोगी जागा, असं वाटलं असणार. १९८३ साली कळलं की क्रुपा नदीचा उगमच विषारी झालाय. आजही ते पूर्ण धुऊन निघालेलं नाही, आणि तिथल्या माणूस-माशांच्या शरीरातही ते विष सापडलं. पोस्तोयनाच्या नळाला येणारं पाणी प्लानिनाजवळच्या ज्या झऱ्याचं आहे, त्यात त्सेर्क्निकाच्या तळ्याचा वाटा असतो. एका गावची मोरी ती दुसऱ्या गावची विहीर.

म्हणूनच असेल, १७ नोव्हेंबर २०१६ रोजी स्लोव्हेनियाच्या संसदेनं पिण्याच्या पाण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिला. पाणी ही बाजारातली वस्तू नाही, ती सार्वजनिक मालमत्ता आहे, असं त्या कलमात स्पष्ट म्हटलंय. ६४ मतं बाजूनं पडली, विरोधात एकही नाही. २०२१ साली पाण्याच्या कायद्यात बदल केले गेले, त्यामुळे काठांवर बांधकामाला वाव मिळेल असं लोकांना वाटलं. नागरिकांनी सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं आणि जुलैत मतदान करणाऱ्यांपैकी ८६ टक्के लोकांनी तो बदल फेटाळला. मी हे आकडे अनेकांना सांगतो, कारण नदी जोडायच्या आणि वळवायच्या आपल्या सगळ्या चर्चांत तिच्या काठच्या माणसाला इतक्या थेटपणे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

कुणी जायचं ठरवलं आणि माझा सल्ला मागितला, तर मी ऑक्टोबरच्या मध्यानंतर जा म्हणतो. ब्लेडला एक सकाळ द्या, पहाटेच, गर्दी व्हायच्या आत. मग दक्षिणेला उतरा. श्कोत्स्यानला पकड असलेले बूट आणि गरम कपडे घ्या. राकच्या दरीत पायी फिरा, प्लानिनाच्या कुरणाकडे घाटावरून बघा. दोलेन्ये येझेरोला पोचलात की आधी गावात कुणालाही विचारा, तळं आलंय का? आणि वाटेत दोन दिवस सारखा पाऊस लागला तर कुरकुर करू नका, तुमच्यासाठी तळं भरायला तोच लागतो.